बाशिंगाची वाळकी पानं

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात किंवा कोकणातल्या एखाद्या देवराईत गेलात, तर जुन्या झाडांच्या बुंध्यांवर जरा वरपर्यंत नजर टाका. फांदीच्या बेचक्यात खोल कातरलेल्या हिरव्या पानांचा मोठा झुपका दिसेल आणि त्याच्या बुडाशी खोडाला घट्ट चिकटलेली तपकिरी, वाळकी पानं दिसतील. हे बाशिंग. संस्कृतात याला अश्वकात्री म्हणतात, वनस्पतिशास्त्रात ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया. हा एक नेचा आहे, म्हणजे याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्या वाळक्या पानांबद्दल. मेलेला कचरा समजून लोक ती ओरबाडून काढतात, आणि बाशिंगाचं सगळं जगणं तर त्या पानांवरच उभं असतं.

झाडावर राहणाऱ्या वनस्पतीची अडचण काय, ते आधी पाहू. खाली माती नाही. पाऊस पडला की पाणी सालीवरून वाहून जातं. सह्याद्रीत तर पाऊस चार महिन्यांचा, पुढचे आठ महिने कोरडे. अशा जागी मुळं रोवायची कशात आणि खायचं काय? बाशिंग स्वतःची माती स्वतः तयार करतं. त्यासाठी त्याला दोन जातींची पानं येतात. एक हिरवी, लांब देठाची, काही वेळा मीटरभराहून मोठी. अन्न तयार करणं आणि बीजाणू, म्हणजे ज्यांच्यातून नवा नेचा उगवतो ते धुळीसारखे कण, धरणं हे त्यांचं काम. दुसरी बिनदेठाची, आखूड, रुंद, कडेला उथळ कातरलेली. ही थोडे दिवस हिरवी असतात, मग तपकिरी होतात, कडक होतात, पण गळत नाहीत. वर्षानुवर्षं तशीच उभी राहतात. त्यांच्या आणि बुंध्याच्या मधल्या पोकळीत वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, सालीचे तुकडे, किड्यांची विष्ठा असं सगळं साठत जातं. ते कुजतं, त्याचं खत होतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि बाशिंगाची मुळं त्यातच पसरतात. हिरवेपणा गेल्यावर पानाचं काम संपतं, असं आपण धरून चालतो. इथे ते तेव्हा सुरू होतं.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये या नेच्याला नाव दिलं, ते ओक या झाडासारख्या पानांचा अशा अर्थाचं. ओकच्या पानाशी साम्य आहे ते या वाळक्या पानांचंच. त्याच्याही आधी, 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये हा नेचा आलेला आहे. केरळच्या वनस्पतींचा तो ग्रंथ घडवताना इट्टी अच्युतन या वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आप्पु भट या तीन कोकणी पंडितांनी मदत केली. त्यांची नागरी लिपीतली साक्ष ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापली आहे. आपल्या वनस्पतींची शास्त्रीय ओळख जगाला झाली ती अशा जाणकारांच्या भरवशावर, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

बाशिंग केवळ आपलं नाही. श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपीन्स, न्यू गिनी आणि थेट ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, इतका त्याचा पसारा आहे. केरळात आणि कोकणपट्टीत ते झाडांवर तर असतंच, खडकांवर आणि ओलसर जुन्या भिंतींवरही दिसतं. फार उंच, थंड डोंगर त्याला मानवत नाहीत.

एवढ्या अंतरावर ते पोचतं त्याच्या बीजाणूंमुळे. ऑक्टोबरच्या सुमारास हिरवं पान उलटून पाहा. बाजूच्या शिरांच्या मध्ये बारीक तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणुधानींचा, बीजाणू धरणाऱ्या पिशव्यांचा, पुंजका. बीजाणुधानी भिंगाखालीच दिसावी इतकी लहान, आणि तिला जाड भिंतीच्या पेशींची एक कडी असते. हवा कोरडी झाली की या पेशींतलं पाणी कमी होतं, कडी ताणली जाते, बीजाणुधानी फाटते आणि कडी एकदम झटका देऊन मिटते. त्या झटक्यासरशी बीजाणू वाऱ्यावर उडतात. त्यांतला एखादा ओल्या सालीवर पडला की त्यातून नखाएवढी हिरवी, पातळ पाकळी उगवते. नर आणि मादी पेशी या पाकळीवर तयार होतात. नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं आणि त्यासाठी पाण्याचा पातळ थर हवा. म्हणून बीजाणू कितीही दूर उडाला, तरी नवा नेचा उभा राहतो तो ओल टिकणाऱ्या जागीच.

पाऊस ओसरला की हिरव्या पानांच्या पात्या मधल्या शिरेपासून सुटून गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. आतलं जाड, मांसल, खवल्यांनी झाकलेलं खोड उन्हाळाभर तग धरतं. पुढच्या पावसात त्यालाच नवी पानं फुटतात.

याच खोडावर माणसांचाही डोळा आहे. तमिळनाडूत कोल्ली टेकड्यांच्या बाजारात ‘मुडवाट्टुकाल किळंगु’ म्हणून ते विकायला असतं, आणि गुडघेदुखीवर त्याचं सूप पितात. आपल्याकडचा धोका वेगळा आहे. रस्ता रुंद करताना जुने आंबे आणि वड तोडले जातात, त्यांच्याबरोबर बाशिंगही जातं. शिवाय बांडगूळ समजून ते उपटलं जातं. बांडगुळाची मुळं झाडाच्या आत शिरून त्याचा रस पितात. बाशिंग सालीला नुसतं धरून राहतं, झाडातून काहीही घेत नाही. तुमच्या आवारातल्या झाडावर ते असेल, तर राहू द्या, आणि वाळकी पानं साफसफाईच्या नावाखाली काढू नका. ती काढली की मातीही गेली आणि साठलेली ओलही गेली.

घरी लावायचं असेल, तर जंगलातून आणू नका, रोपवाटिकेत मिळालं तर घ्या. खोडाचा तुकडा कुंडीतल्या मातीत पुरू नका, तो कुजेल. नारळाच्या सोडणावर किंवा खरबरीत लाकडावर काथ्याने बांधा, सावलीत टांगा आणि पहिल्या पावसाळ्यात खोडाभोवतीची ओल सुकू देऊ नका. पहिलं आखूड पान तपकिरी पडलं तर घाबरू नका, त्याच्यामागे थोडा पालापाचोळा सरकवून ठेवा.

नमस्कार.