टॉवेलाखालचे हात

श्रोतेहो, नमस्कार.

तालुक्याच्या कोर्टात मी नुकती वकिली सुरू केली होती, तेव्हाची गोष्ट. आवारात कडुलिंबाचं झाड होतं. तारखेला आणलेले कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे, त्याच्या पारावर बसून पुकाऱ्याची वाट बघायचे. त्या दिवशी तिथे चाळिशीचा एक शेतकरी बसला होता. बांधावरून भावकीत मारामारी झालेली, त्यातला हा आरोपी. दोन्ही हातांत बेडी, बेडीला दोर आणि दोराचं टोक हवालदारानं आपल्या मनगटाला गुंडाळलेलं. फाटकातून त्याची बायको आणि पहिली-दुसरीतली मुलगी आत येताना दिसली. त्यानं घाईघाईनं दोन्ही हात खांद्यापर्यंत नेले आणि टॉवेल ओढून हातांवर पसरला. पोर धावत आली, टॉवेलाकडे बघत म्हणाली, "आबा, काय लपवलंय? मला दाखवा ना." बापानं काहीतरी खाऊ आणलाय, असं तिला वाटलं होतं.

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. हवालदारानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

पुढे तो माणूस निर्दोष सुटला. पण सुटकेचा निकाल ऐकायला ते पोर कोर्टात नव्हतं. पारावर मात्र ते होतं.

आज मी बेडीबद्दल बोलणार आहे. आपल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतं, 'चोरट्याला बेड्या', 'टोळीच्या मुसक्या आवळल्या'. अटक झाली म्हणजे बेडी पडली, असं आपण इतकं धरून चाललोय की हे दोन शब्द आपल्याला एकच वाटतात. कायद्यात ते एक नाहीत आणि कधीच नव्हते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९ मध्ये साधी गोष्ट लिहिलेली होती. अटक केलेल्या माणसाला पळून जाण्यापासून रोखायला जेवढं बंधन लागेल, तेवढंच घालायचं, त्याहून जास्त नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे कलम आहे, आता त्याचा क्रमांक ४६. म्हणजे बेडीचं काम एकच, पळण्याला अटकाव. धडा शिकवणं, गावाला दाखवणं, आरोपीची मान खाली घालायला लावणं, यांतलं कोणतंही काम कायद्यानं बेडीला दिलेलं नाही. शिक्षा द्यायची ती न्यायाधीशांनी, आणि तीही खटला संपल्यावर.

हे ठणकावून सांगितलं गेलं ते एका तारेमुळे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात प्रेमशंकर शुक्ला नावाचा एक कच्चा कैदी होता. त्याला वेगवेगळ्या खटल्यांसाठी सारखं कोर्टात नेलं जाई, आणि प्रत्येक वेळी बेडी घालून. त्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना तार केली की, न्यायालयाचे आदेश असूनही माझ्यावर आणि इतरांवर बेड्या लादल्या जात आहेत. त्या तारेलाच न्यायालयानं याचिका मानलं. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. बेडी घालणं हे मुळातच अमानुष आणि मनमानी आहे. ती घालायचीच असेल, तर हा माणूस पळेल असं मानायला ठोस कारण हवं, ते कारण तिथल्या तिथे लिहून ठेवायला हवं आणि न्यायाधीशांपुढे मांडायला हवं, असं त्यात म्हटलंय. पहाऱ्याच्या पोलिसांना सोयीचं पडतं, हे कारण चालणार नाही. पळण्याची धास्ती असेल तर पहारा वाढवा.

त्या निकालातला आणखी एक भाग मला फार मोलाचा वाटतो. तेव्हाच्या पंजाब पोलीस नियमांत कैद्यांचे दोन वर्ग होते. चांगल्या घरातल्या, वरच्या वर्गातल्या कैद्याला सहसा बेडी नाही आणि साध्या कैद्याला मात्र बेडी. गरीब माणूस श्रीमंतापेक्षा जास्त धोकादायक असतो, हे कोणी ठरवलं? न्यायालयानं हा भेद रद्द केला. नियम गेला, पण ती नजर गेली का? पारावरच्या त्या माणसाच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट असता, तर हवालदारानं दोर मनगटाला गुंडाळला असता का, हे तुम्हीच मनाशी ताडून बघा.

आणीबाणीतलं जॉर्ज फर्नांडिस यांचं ते छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुंबईच्या कामगारांचा हा पुढारी, बेड्या घातलेले हात वर उंचावून उभा. १९७७ ची निवडणूक ते तुरुंगातून लढले आणि जिंकले. त्यांच्यासाठी बेडी हा झेंडा झाला, कारण लाखो लोक त्यांच्या मागे उभे होते. बांधावरच्या भांडणातल्या माणसाच्या मागे कोण असतं? त्याच्याजवळ टॉवेल असतो.

आपल्या महाराष्ट्रातलंही उदाहरण आहे. सोलापुरात एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून भर रस्त्यानं फिरवलं. अशा प्रकाराला आपण धिंड म्हणतो, आणि ती बघायला दुतर्फा गर्दी करतो, हेही खरं. मुंबई उच्च न्यायालयानं संबंधित पोलीस अधिकाऱ्याला त्या कैद्यासाठी १०,००० रुपये भरपाई द्यायला लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ साली तिथेही भरपाई कायम राहिली. फक्त ती अधिकाऱ्यानं नव्हे, राज्य सरकारनं द्यावी असं ठरलं. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाला विनाकारण बेडी घातल्याबद्दल २ लाख रुपये द्यायला लावले.

आणि आता दवाखान्यातली गोष्ट. १९९५ च्या सुमाराला पत्रकार कुलदीप नय्यर गुवाहाटीच्या एका रुग्णालयात गेले होते. तिथे सात स्थानबद्ध रुग्णांना खाटेला बेड्यांनी जखडलेलं होतं, वर लांब दोरही बांधलेला. खिडकीला गज, बाहेर बंदूकधारी पहारा, आणि तरीही बेडी. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं सांगितलं की, तुरुंगात किंवा ने-आण करताना बेडी घालायची तर आधी न्यायाधीशांची परवानगी घ्या. यानंतर तीस वर्षं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणातलं प्रकरण आलं. फसवणुकीच्या आरोपाखाली पकडलेल्या माणसाला रोहतकच्या रुग्णालयात खाटेला साखळीनं बांधून ठेवलं होतं. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं त्याची अटकच बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं त्याला सांगितलेली नव्हती. खाटेला बांधणं हा तर त्याच्या सन्मानानं जगण्याच्या हक्कावरचाच घाला आहे, असंही बजावलं.

सलाईन लावलेल्या माणसाला कुशीवर वळता येत नाही, तहान लागली तर तांब्यापर्यंत हात पोचत नाही, लघवीला जायचं तर किल्लीवाल्याला हाक मारावी लागते आणि किल्लीवाला चहाला गेलेला असतो. खाटेच्या गजावर बेडी घासल्याचा तो बारीक आवाज मी अशाच एका वॉर्डात ऐकलाय. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपल्या मुलाची पाठ तिकडे फिरवली होती.

१ जुलै २०२४ पासून कायदा थोडा बदललाय, तेही नीट सांगायला हवं. नव्या संहितेच्या कलम ४३ नं पोलिसांना अटक करताना आणि कोर्टात हजर करताना बेडी घालायची मुभा दिली आहे. पण ती ठरावीक आरोपींसाठी. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, किंवा खून, बलात्कार, ॲसिडहल्ला, दहशतवादी कृत्य, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ, मानवी तस्करी, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, खोट्या नोटा अशा गुन्ह्यांतला आरोपी. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते. संसदेच्या स्थायी समितीनं हरकत घेतली आणि ते वगळले गेले. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य बघून ती वापरायची आहे. त्या यादीत बांधावरची मारामारी नाही, आणि त्या कलमात दवाखान्याची खाटही नाही.

हवालदारावर मी डोळे वटारत नाहीये. आरोपी निसटला तर आधी त्याचं निलंबन होतं, मग चौकशी. एका हवालदाराच्या हाती दोन-दोन कैदी देऊन त्याला एसटीनं पाठवलं, तर तो दोर गुंडाळणारच. त्याची भीती खरी आहे. पण पोलिसांचं अपुरं बळ हे सरकारचं देणं आहे, ते आरोपीच्या मनगटातून का वसूल करायचं?

एक गोष्ट तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आमच्या कोर्टात बहुतेक वेळा बेडी दाराशीच काढली जायची. न्यायाधीशांपुढे उभा राहायचा तो मोकळ्या हातांनी. मग ते नेहमीप्रमाणे विचारायचे, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? बिचारा 'नाही' म्हणायचा, कारण त्याला वाटायचं तक्रार म्हणजे मारहाण. तुमच्या घरचं, ओळखीचं कोणी कधी तिथे उभं राहिलं, तर त्याला आधीच सांगून ठेवा. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, "साहेब, मला बेडी घालून आणलंय. कारण सांगितलेलं नाही." वकील नसला तरी चालेल, तोंडी सांगितलं तरी चालेल. कोर्टाच्या रोजच्या कामाची जी नोंद होते, तिला रोजनामा म्हणतात. फक्त एवढं म्हणायचं, "साहेब, हे रोजनाम्यात लिहून घ्या."