पाण्याची वाट

(पडद्यावर: मे महिन्यातली दुपार. कौलारू घराची अंधारी ओसरी.)

फोंडा तालुक्यातल्या या घराची दारं-खिडक्या भर दुपारी मुद्दाम लावून घेतली आहेत. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख, आणि जमिनीवर उन्हाचे दोन-तीन कवडसे. घरच्या बाई शिडीवर चढतात आणि ज्या फटीतून ऊन येतंय तिच्याजवळच्या रीपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, खडूने फुली मारतात. जूनमध्ये तिथूनच पाणी आत येणार आहे. ते आज दिसतंय, कोरड्या हाताने दुरुस्त करता येतंय.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. त्यामुळे इथे घर राखायला शिकायचं, तर आधी पाण्याची वाट ओळखायला शिकावं लागतं. हातोडी, थापी, पाना हे सगळं त्यानंतर.

या बाई शाळेत शिकवतात. पावसाआधी शाकारणीला माणसं मिळेनात, तेव्हा त्यांनी वाड्यावरच्या एका वयस्कर मेस्ताला, म्हणजे घरबांधणीच्या कारागिराला, विचारलं, "तुम्ही वर चढू नका. खाली खुर्चीवर बसून मला सांगाल का?" मेस्त आले, बसले, आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही: थेंब पडतो तिथलं कौल बहुतेक वेळा शाबूत असतं. फुटकं कौल असतं त्याच्या वर, आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या बाजूला. पाणी वाशाच्या अंगाने घसरत येतं आणि अडेल तिथे टपकतं. थेंबाच्या बरोबर वर डांबर थापणाऱ्यांची गळती म्हणूनच कधी थांबत नाही.

(पडद्यावर: हात, रीप, कौल. अगदी जवळून.)

आता नीट पाहा. मंगलोरी कौलाच्या पोटाला खुंट्या असतात, त्या रीपेवर अडकतात. वरच्या ओळीतलं कौल खालच्यावर बसतं आणि शेजारचं कौल बाजूच्या खाचेत. बाई फुटकं कौल ओढू लागतात, तोच खालून आवाज येतो, "बाय, ओढू नको. वरचं उचल, शेजारचं जरा सैल कर, म्हणजे ते आपोआप सुटतं." तसंच होतं. खुंटी रीपेवरून उचलली जाते, कौल तिरकं होऊन हातात येतं. नवं बसवण्याआधी बाई त्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात. शाबूत कौल खणखणतं. तडा गेलेलं बद्द वाजतं, मग तो तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो.

अशी कौलं मंगळूरला बनू लागली १८६५ साली, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेच्या कारखान्यात. पुढे कारखाने वाढले, आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. म्हणून कुठलंही कौल कुठेही बसत नाही. खाच जुळली नाही तर नव्या कौलाच्या कडेनेच पाणी शिरतं. जुन्या कौलावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ते वाचायचं आणि त्याच नावाचं शोधायचं. गावात एखादं जुनं घर उतरवलं, की कौलांची चळत परसात रचून ठेवतात ती याचसाठी. माझ्या मते अशी चळत म्हणजे घराची खरी ठेव आहे, ती भंगारात देऊ नये.

आढ्याचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, मात्र बाई स्वतः बदलत नाहीत. तिथे छपरावर चढावं लागतं, आणि शेवाळलेल्या कौलावरून पाय सटकला तर सावरायला काही नसतं. ते काम सरावलेल्या माणसाचंच.

(पडद्यावर: चिऱ्याची भिंत. पोपडे आलेला रंग.)

आता भिंत. ही जांभ्या दगडाची, म्हणजे चिऱ्याची आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, आणि अंगभर छिद्रं असल्यामुळे पाणी पितो. जुने गवंडी त्यावर चुन्याचा गिलावा करत. किनारपट्टीला शिंपले भाजून चुना काढायची रीत होती. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. या भिंतीवर मागे कधीतरी सिमेंट चढवलं गेलं. जोत्यातून वर चढणारी ओल त्यामागे अडकली, क्षार फुलले आणि रंगाचे पोपडे सुटले. त्यावर आतून कितीही महाग रंग लावा, पुढच्या श्रावणात तो पुन्हा सुटणार. ओल मागून येते आहे.

बाईंनी आधी बाहेर जाऊन पाहिलं. भिंतीला लागून मातीचा भराव जोत्याच्या वर चढला होता आणि पागोळ्यांचं पाणी तिथेच साचत होतं. त्यांनी फावड्याने माती उतरवली, पाण्याला परसाकडे उतार काढून दिला. एवढ्यानेही भिंतीत मुरणारं पाणी बरंच कमी होतं. कुठलंही कौशल्य लागलं नाही, फक्त भिंतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

सिमेंट खरवडून चुना लावायचं काम पाऊस संपल्यावर, भिंत वाळली की. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण अजून पाणी न लागलेला चुना, भिजवताना उकळतो, हात-डोळे भाजतात. चष्मा आणि हातमोजे हवेतच. मग तो पाण्याखाली मुरू द्यायचा. गिलावा पातळ थरांत द्यायचा आणि लगेच सुकू द्यायचा नाही, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो.

विजेचं थोडक्यात सांगते. इलेक्ट्रिशियनचा आयटीआयचा अभ्यासक्रम २ वर्षांचा असतो. तो न करता बोर्ड उघडू नये. पण घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, आणि त्याचं चाचणीचं बटण दाबल्यावर तो पडून वीज बंद होते का, हे प्रत्येकाने पाहावं. ओल्या भिंतीत शॉक बसायला वेळ लागत नाही.

राहिलं ते माजघराचं दार. जुलैत ते फुगतं, चौकटीत अडकतं, आणि हात लगेच रंध्याकडे जातो. मेस्त बाईंना थांबवतात. "आता तासलंस तर थंडीत बोटभर फट पडेल." तोपर्यंत घासतं तिथे मेण चोळायचं. डिसेंबरमध्ये लाकूड सुकल्यावरही दार अडलं, तर जिथे घासल्याची खूण आहे तेवढंच तासायचं, आणि तासलेल्या कडेला लगेच तेलाचा हात द्यायचा, म्हणजे पुढच्या पावसात ती कड पाणी ओढणार नाही.