पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागून महिनाभर झाला, की आम्हा पशुवैद्यकांच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. कुत्रा रात्रभर खाजवतोय, शेपटीच्या बुडाशी दातांनी चावतोय, तिथले केस गेलेत, कातडी लाल झालीय. "पिसवा झाल्यात का?" असं विचारलं, की समोरून येतं, "छे हो डॉक्टर, आमच्याकडे पिसवा कुठून येणार? दर रविवारी आंघोळ घालतो आम्ही त्याला." विचारलेलं थोडं लागलेलं असतं, हे आवाजावरून कळतं. म्हणून आधी हेच सांगतो, की पिसवा होणं म्हणजे घर अस्वच्छ असणं नव्हे. चौथ्या मजल्यावरच्या, रोज फरशी पुसल्या जाणाऱ्या फ्लॅटमध्येही पिसवा होतात. संध्याकाळी खाली फिरायला नेलेला कुत्रा किंवा जिन्यात येऊन झोपणारं मांजर एवढं निमित्त त्यांना पुरतं. पण लोक संकोचतात, सांगायचं टाळतात, आणि दवाखान्यात येईपर्यंत घरभर पसारा झालेला असतो.

तर आधी पिसू ओळखायची कशी ते पाहू. आपल्याकडे पिसू, गोचीड आणि ऊ यांची सर्रास गल्लत होते, आणि चुकीच्या किड्यावर चुकीचं औषध घातलं जातं. गोचीड एका जागी घट्ट चिकटून बसतो. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली तो सापडतो, रक्त पिऊन टम्म फुगतो आणि राखाडी दिसतो. ऊ संथ असते आणि तिच्या लिखा केसालाच चिकटलेल्या असतात. पिसू मात्र हाती लागत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, पंख नसलेला किडा. दोन्ही बाजूंनी चपटा, त्यामुळे दाट केसांतूनही सुळकन निसटतो. कुत्र्याला पाठीवर झोपवून पोट आणि जांघा पाहा. तिथे केस विरळ असतात, तिथे ती पळताना दिसते. चिमटीत धरायला गेलात तर उडी मारून गायब होते. ती उडी जवळजवळ वीतभर उंच जाऊ शकते.

पण एकही पिसू दिसली नाही, म्हणून पिसवा नाहीत असं समजू नका. ज्या कुत्र्याला फार खाज येते तो सारखा स्वतःला चाटतो, चावतो आणि पिसवा गिळून टाकतो. अशा वेळी पिसवांची विष्ठा शोधायची. उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या. शेपटीच्या बुडापाशी, कमरेवर, अगदी कातडीला टेकवून ती फिरवा. फणीत अडकलेला केसांचा गुंता आणि काळे बारीक कण एका पांढऱ्या कागदावर झटका आणि त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब सोडा. साधी माती असेल तर ती काळपटच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत कणाभोवती तांबडा-तपकिरी डाग पसरत जाईल. ते तुमच्या कुत्र्याचं रक्त आहे, पिसूच्या पोटातून बाहेर पडलेलं. दवाखान्यातल्या टेबलावर मी हा कागद मुद्दाम मालकांसमोर ठेवतो. तो डाग पसरताना पाहिला, की पुढचा वाद संपतो.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. घरात दोन कुत्रे आहेत, एक रात्रंदिवस खाजवतो आणि दुसरा मजेत झोपतो. मग पिसवा कशा असतील? असतात. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची अॅलर्जी असते. त्यांना दोन-चार चावेसुद्धा पुरतात, आणि खाज पुढे कितीतरी दिवस टिकते. कंबर, शेपटीचं बूड, मांड्यांची मागची बाजू, या पट्ट्यात केस जातात, खपल्या धरतात आणि खाजवून झालेल्या जखमेत जंतू शिरतात. ही जागाच निम्मं निदान सांगून जाते. दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर कदाचित जास्त पिसवा असतील, पण त्याला अॅलर्जी नाही, इतकंच.

आता मला आज जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येतो. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा फार छोटा भाग. साधारण 5 टक्के. उरलेल्या 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात घरात असतात. गादीच्या शिवणीत, सोफ्याखाली, सतरंजीत, फरशीच्या सांध्यात, जिन्याखालच्या अडगळीत. आपण मात्र आंघोळ घालतो कुत्र्याला.

हे असं का होतं ते बघा. कुत्र्याच्या अंगावर चढलेली पिसू काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, दिवसाला 40 ते 50 पर्यंत. ही अंडी गुळगुळीत असतात, ती केसाला चिकटत नाहीत. कुत्रा जिथे झोपतो, अंग झाडतो, तिथे ती गळतात. त्यांतून अळ्या निघतात. त्या उजेडापासून पळतात, खोल कोपऱ्यात, धाग्यांच्या मुळाशी जातात आणि वरून पडणाऱ्या त्या काळ्या विष्ठेवरच वाढतात. म्हणजे आई रक्त पिते आणि पोरांचं जेवण वरून खाली पडतं! या अळ्यांना दमट हवा लागते. कोरडी हवा आणि कडक ऊन त्यांना सोसत नाही. म्हणूनच कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याचे महिने त्यांच्या भरभराटीचे. पुढे अळी स्वतःभोवती रेशमासारखा चिकट कोश विणते. त्यावर धूळ-माती चिकटते आणि तो डोळ्यांना ओळखूसुद्धा येत नाही. हवा अनुकूल असेल तर अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास तीन आठवड्यांत उरकतो.

आणि नसेल तर पिसू कोशात थांबून राहते. कितीतरी आठवडे, प्रसंगी चार-पाच महिनेसुद्धा. जवळून कोणी चाललं, जमीन हादरली, अंगाची ऊब आली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की ती क्षणात बाहेर पडते. गणपतीला चाकरमानी गावी जातात तेव्हा हे अनेकांनी अनुभवलं असेल. घर मे महिन्यापासून बंद. मधल्या काळात पडवीत गावातली कुत्री येऊन झोपलेली, पिल्लं घातलेली. कुलूप काढून, बॅगा घेऊन माणसं आत शिरतात आणि पाच मिनिटांत पोटऱ्यांवर चावे. मुलं पाय खाजवतायत, घरात तर एकही प्राणी नाही, मग हे आलं कुठून? ते तिथेच होतं, तुमच्या पावलांची वाट बघत.

हा कोश लक्षात ठेवा, कारण उपचार अर्ध्यात सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण तोच आहे. औषध दिल्यावर पंधरा दिवसांनी फोन येतो, "डॉक्टर, पुन्हा पिसवा दिसतायत, तुमचं औषध चाललं नाही." औषध चाललेलं असतं. दिसताहेत त्या नव्यानं कोशातून बाहेर पडलेल्या पिसवा. कोशाच्या आत कुठलंच औषध नीट पोहोचत नाही. त्या बाहेर येऊन औषध दिलेल्या कुत्र्यावर चढतील आणि अंडी घालण्याआधी मरतील. घरातला साठा असा हळूहळू रिकामा होतो, आणि त्याला निदान तीन महिने लागतात. कधी जास्तही. या तीन महिन्यांत एकही डोस चुकवायचा नाही.

औषधं आता खरोखर चांगली मिळतात. आयसॉक्साझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्या आहेत. अफॉक्सोलानर महिन्यातून एकदा द्यायचं, फ्लुरालानरचा परिणाम 12 आठवडे टिकतो. ही औषधं रक्तात उतरतात, पिसू चावली की काही तासांत मरते, आणि गोचिडांवरही चालतात. कुत्र्याला कधी आकडी येऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, मग ते दुसरं औषध निवडतील. मानेवर घालायचे थेंबही मिळतात, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचे. ते घालताना खांद्याच्या दोन हाडांच्या मध्ये, जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही तिथे, केस दुभागून कातडी दिसू द्या आणि कातडीवरच सोडा. केसांवर ओतलेलं वाया गेलं. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. कुठलंही औषध वजनावर ठरतं. मोठ्या कुत्र्याची नळी आणून दोन लहान कुत्र्यांत अंदाजानं वाटणं हे काटकसरीचं वाटतं, पण धोक्याचं आहे. आणि पिसवांचा शाम्पू? तो त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा मारतो. दुसऱ्या दिवशी सोफ्याखालून नव्या येतात. एकट्या शाम्पूवर विसंबू नका.

घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी औषध द्या. मांजर असेल तर तिलाही, पण मांजराचंच. इथे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. कुत्र्यांच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. अंगाला कंप सुटतो, झटके येतात आणि मांजर दगावू शकतं. पाकिटावर कुत्र्याचं चित्र असेल तर ते मांजराला लावायचं नाही, थोडंसंसुद्धा नाही.

तसंच गोठ्यातल्या औषधाचं. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली घरात असते, त्यातलंच झाकणभर पाण्यात टाकून कुत्र्याला धुतलं जातं. प्रमाण चुकलं की विषबाधा झालेला, लाळ गाळणारा कुत्रा आमच्याकडे येतो. त्यात बऱ्याचदा असणारं अमिट्राझ हे औषध तर पिसवांवर चालतच नाही, म्हणजे धोका पत्करूनही उपयोग शून्य. रॉकेल चोळणं, डांबर गोळ्या अंथरुणात ठेवणं, लसूण खाऊ घालणं, हे सगळं कृपा करून बंद करा. रॉकेलनं कातडी भाजते, डांबर गोळी कुत्र्यानं गिळली तर विष आहे, आणि लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं अंग पुसायला माझी हरकत नाही, पण पिसवांचं बिऱ्हाड त्यानं उठत नाही.

आता घर. कुत्र्याचं अंथरूण, त्याची चादर, तुमची गोधडी तो लोळत असेल तर तीही, आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवा, 60 अंशांच्या. उघडीप मिळाली की कडक उन्हात टाका. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो रोज फिरवा, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली. त्याच्या हादऱ्यानं कोशातल्या पिसवा बाहेर येतात, हा त्याचा आणखी एक फायदा. नंतर त्याची पिशवी लगेच बाहेरच्या कचऱ्यात टाका. नसेल तर झाडू आणि ओलं फडकं, पण सामान सरकवून. कुत्र्याला गाडीतून नेत असाल तर गाडीची सीट विसरू नका, ती नेहमी राहून जाते. अंगणात वाळूचा ढीग, पडवीचा सावलीतला कोपरा, जिथे तो दुपारी पडून असतो, तिथलं झाडून घ्या, ऊन पोहोचू द्या. पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलंत तर झुरळांचं नको, पिसवांसाठी हवंय असं स्पष्ट सांगा आणि अळीची वाढ थांबवणारं औषध आहे का ते विचारा. फवारा वाळेपर्यंत मुलं आणि प्राणी बाहेर. माशांची टाकी असेल तर ती खोलीतून हलवा, ही औषधं माशांना मारक असतात.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना यातली बहुतेक औषधं देता येत नाहीत. तिथे फणी हाच उपाय. साबणाचं पाणी एका भांड्यात घ्या, फणी फिरवा, बुडवा, पुन्हा फिरवा. त्या पाण्यात पिसू बुडून मरते. आईला काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि पिल्लाचा ओठ उचलून हिरड्या रोज पाहा. गुलाबीऐवजी फिक्या, पांढरट दिसल्या तर पिसवांनी रक्त ओढलं आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका. एवढासा जीव यानं दगावतो.

कुत्र्याच्या गुदद्वाराजवळ किंवा त्याच्या अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, कधी ते हलतातही, तर ते चपट्या जंताचे. पिसूच्या अळीच्या पोटात या जंताची अंडी जातात, ती पिसू कुत्र्यानं गिळली की जंत त्याच्या आतड्यात वाढतो. नेहमीच्या सगळ्याच जंताच्या औषधांनी तो जात नाही, प्राझिक्वांटेल लागतं. लहान मूल कुत्र्याशी खेळताना चुकून पिसू गिळतं, तेव्हा त्यालाही हा जंत होऊ शकतो. मुलाच्या शीमध्ये असे दाणे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना घरात कुत्रा आहे हे आवर्जून सांगा. उपचार सोपा आहे.

काही वडीलधारी मंडळी पिसू म्हटलं की प्लेगची आठवण काढतात. 1896 साली मुंबईत मांडवीमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ज्या प्लेगचं निदान केलं, तो पसरवणारी मुख्यतः उंदरावरची पिसू होती. तिची जात वेगळी. त्या भीतीनं कुत्र्याला घराबाहेर काढायची काही गरज नाही.

शेवटी सोसायटीतल्या कुत्र्यांविषयी. तुमच्या कुत्र्याला तुम्ही सगळं केलंत, पण गेटपाशी झोपणारी तीन कुत्री तशीच राहिली, तर अंडी तिथे गळत राहणार आणि तुमचा कुत्रा रोज तिथूनच जाणार. त्यांना हाकलून उपयोग नाही, दुसरी येतात. त्यांना रोज खाऊ घालणारं कोणीतरी प्रत्येक सोसायटीत असतंच. कुत्री त्यांच्या हातून घास घेतात. चार घरांनी वर्गणी काढा, पशुवैद्यकाला बोलावून कुत्र्यांची वजनं अंदाजून घ्या, आणि बारा आठवडे चालणारी गोळी त्याच घासातून जाऊ द्या. पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या शेवटी दिलीत तर सगळ्यात उत्तम. आज पाऊस सुरू असेल तर आजही उशीर झालेला नाही.

नमस्कार.