मेण न फोडता वाचायचे पत्र

(दृश्य: चर्मपत्र, खालच्या कडेला लोंबणारी मुद्रा)

ही मेणाची मुद्रा कुठे लावली आहे, ते नीट पाहावे. मध्ययुगीन इंग्लंडच्या राजदरबारातून काही पत्रे घडी घालून, मुद्रेने बंद करून निघत, आणि ती फोडल्याशिवाय आतला मजकूर कोणाला कळत नसे. या पत्राची मुद्रा मात्र खाली टांगलेली असल्याने ते कोणीही वाचावे. अशा पत्राला, ‘उघडे असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून, ‘लेटर्स पेटंट’ हे नाव पडले. १४४९ मध्ये सहाव्या हेन्रीने जॉन ऑफ युटिनम या कारागिराला रंगीत काच बनवण्याचा २० वर्षांचा मक्ता दिला तो अशाच पत्राने. पुढे पत्राचे नाव मक्त्याला चिकटले, आणि मराठीत आपण ‘त्याचे पेटंट वाक्य’ म्हणतो तेव्हाही मनात मालकीच असते.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालय, दगडी कमानी)

या न्यायालयाची स्थापनाही १८६२ च्या लेटर्स पेटंटने झाली.

(दृश्य: कायद्याच्या पुस्तकाचे पान)

इंग्रजीत हा शब्द विशेषण म्हणून येतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘उघड’ असा होतो, पण तो सहसा दोषालाच लावला जातो. ‘पेटंट लाय’ म्हणजे धडधडीत खोटे. ‘पेटंट’ सौंदर्याचे कौतुक मात्र कोणी करत नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या, १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील दाखला पाहावा: घोडा ‘१,००० किंवा १,५०० रुपयांना’ विकण्याचा लेखी करार झाला, तर त्यातील संदिग्धता कागदावरच दिसते, म्हणून ती ‘पेटंट’, आणि ती मिटवायला बाहेरचा पुरावा चालत नाही. ‘माझा पांढरा घोडा’ असे लिहिले आणि तबेल्यात पांढरे घोडे दोन निघाले, तर ती संदिग्धता ‘लेटंट’, म्हणजे दडलेली, आणि तिथे पुरावा देता येतो. मराठीत ‘उघड’ हा शब्द दार आणि दोष या दोहोंना चालत असताना भाषांतरात ‘स्पष्ट’ लिहून भागवणे मला आळसाचे वाटते. लवाद कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर देशांतर्गत लवादाचा, म्हणजे न्यायालयाबाहेर तंटा सोडवणाऱ्या पंचाचा, निवाडा ‘पेटंट’ बेकायदेशीरपणावरून रद्द होऊ शकतो, हे ओघाने सांगायला हवे.

(दृश्य: नवजात बाळ, सोनोग्राफीचा पडदा)

हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी ही नळी जन्मानंतर मिटते. ती मिटली नाही, तर डॉक्टर तिलाही ‘पेटंट’ म्हणतात, आणि तिथे या शब्दाचा अर्थ केवळ ‘उघडी’ एवढाच असतो.