एकच सुई, दोन जावा

वडोदरा, दांडिया बाजार. सकाळचे दहा. दोन जावा रिक्षातून उतरतात. दोघींचेही गुडघे गेलेत, म्हणून अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला आल्यात. धाकटी पुढे, थोरली कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

गुडघ्याखाली केसासारखी बारीक सुई. तिच्या मुठीला इवलासा चिमटा, चिमट्याला वायर. डॉक्टर बटण फिरवतात आणि सुईभोवतीचं मांस उडू लागतं, सेकंदाला दोनदा.

"मुंग्या आल्या हो," धाकटी म्हणते.

आराम मात्र मेंदूतून येतो, आणि हे कळलं सशांमुळे. बीजिंगमध्ये हान जिशेंग या संशोधकांनी सुया टोचलेल्या सशाच्या मेंदूतलं पाणी काढून दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडलं. त्या दुसऱ्याला सुई लागलीच नव्हती. तरी तो जास्त वेदना सोसू लागला. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी होतं! १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये एन्केफॅलिन हाती लागलं: काम अफूचं, पण घरचं, आपल्याच मेंदूत बनणारं. पुढे १९७७ मध्ये अफूवरचा उतारा, नॅलॉक्सोन, माणसांना देऊन पाहिला, तर सुईने आलेला गुणही उतरला.

करंटची गतीसुद्धा महत्त्वाची. सेकंदाला २ ठोके दिले की एन्केफॅलिन सुटतं, १०० दिले की त्याच्याच जातीचं डायनॉर्फिन. म्हणून यंत्र दोन्ही गती आलटूनपालटून देतं.

धाकटीला चौथ्या खेपेला उतार पडला. थोरलीला नाही. "तुमचा विश्वासच नाही," असं तिला घरी ऐकावं लागतं. हे ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं.

कारण मेंदूत या रसायनांचा परिणाम मारणारंही एक रसायन आहे, कोलेसिस्टोकायनिन. जेवणानंतर पित्ताशय आवळतं तेच. ज्या उंदरांना सुई लागू पडत नव्हती, त्यांच्या मेंदूत ते रोखलं, आणि लागू पडू लागली. तासन्‌तास करंट दिला तरी तेच वाढतं आणि आलेला गुण ओसरतो. जास्त वेळ म्हणजे जास्त आराम, असं इथे नाही. थोरलीच्या मेंदूत काय चाललंय ते कुणी मोजलेलं नाही. पण तिचं दुखणं खरं आहे, आणि दोष तिच्या मनाचा नाही.

अर्धा तास झाला. सुया निघाल्या. धाकटी भराभर चार पायऱ्या उतरते, वळून पाहते, आणि पुन्हा वर येऊन थोरलीचा हात धरते.