पोहता येणाऱ्या अस्वलाला बर्फ कशाला हवा?

नमस्कार राजेहो! इकडे नागपुरात पारा ४५ वर, आणि कमेंटमध्ये पुन्हा तोच प्रश्न: ‘भाऊ, अस्वल पोहते ना? मंग बर्फ वितळला त काय फरक पडते?’

बेसिक पटकन उरकू. ध्रुवीय अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. दोघांना एकाच हिमखंडावर बसवलेले फोटो पाठवू नका, हात जोडतो. १९७९ पासून आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा भाग, जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. झालं.

आता पोहण्याचं. अस्वल पट्टीचं पोहणारं आहे, पण पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येते, तिथे अस्वल दबा धरून बसतं. बर्फ नाही तर भोक नाही, भोक नाही तर जेवण नाही! कॅनडात हडसनच्या उपसागरातला बर्फ उन्हाळ्यात गेला, की अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरपर्यंत बहुतेक अंगावरच्या चरबीवर काढतात. १९८० च्या दशकाच्या तुलनेत हा उपास काही आठवड्यांनी लांबलाय. पश्चिम हडसनमध्ये २०१६ ला अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ ला ६१८.

म्हणून म्हणतो, बर्फ ‘किती’ हे विचारता तसं तो ‘कधी’ असतो हेही विचारा. रिंग्ड सील ही आर्क्टिकातली सीलची एक जात, तिची मादी बर्फावर साचलेल्या हिमात बीळ करून पिल्लू घालते. वसंतात पाऊस लवकर आला की छत ढासळतं, पिल्लू उघड्यावर. कोल्हा टपलेलाच असतो.

तिकडे दक्षिणेला एम्परर पेंग्विनचं अंडं समुद्री बर्फावर मे-जूनमध्ये, पिल्लाला पाण्यात टिकणारी पिसं डिसेंबरच्या सुमारास. तोवर अंगावर नुसती लव, ती भिजली की थंडीने संपलंच. २०२२ च्या शेवटी अंटार्क्टिकाला लागून असलेल्या बेलिंग्सहाउझन समुद्रात बर्फ आधीच फुटला आणि ५ पैकी ४ वसाहतींतली पिल्लं गेली.

संत्रावाल्यांना वेळेचं हे गणित सांगायला नको. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, झाडाचं पाणी तोडून दिलेला ताण जूनच्या पावसाने तुटायला हवा. तोच पाऊस ऑगस्टात दुप्पट पडला तरी बहार गेलाच ना बाप्पा?

आणि ‘अंटार्क्टिकात तर बर्फ वाढतोय’वाले, तुमचा आलेख २०१४ चा आहे. तेव्हा उच्चांक होता. २०२३ ला नीचांक झाला. समुद्री बर्फाचा रोजचा आलेख नेटवर फुकट मिळतो. तो उघडलात की उभ्या आकड्यांवर थांबू नका, रेघ कोणत्या तारखेला खाली वळते ते आडव्या अक्षावर बघा, आणि मग कमेंट टाका.