खारातलं भात, गोठ्यातली कपिला

(दृश्य : ऐरोलीजवळची खाडी. भरती चढते आहे. मागे काचेच्या उंच इमारती.)

ठाण्याच्या खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. आज हे पाणी कांदळवनापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. त्यापलीकडे रस्ता, रेल्वे आणि आयटी पार्क. पण तीन पिढ्यांपूर्वी याच पाण्याला अडवायला माणसांनी हातांनी घातलेला मातीचा बांध होता, आणि बांधाच्या अलीकडे भात डोलत होतं.

नवी मुंबई म्हटलं की अजूनही पुष्कळांना वाटतं, इथे आधी नुसती दलदल होती. तसं नव्हतं. दिघा, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही नांदती गावं होती. इथल्या आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडून शेत मिळवलं होतं. बांधाला उघाडी असायची. ओहोटीला ती उघडली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जायचं, भरतीला मिटली की खारं पाणी बाहेर राहायचं. उधाणात बांधाला खांड पडली तर ती बुजवायला अख्खं गाव धावायचं, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की त्या वर्षाचं पीक तर जायचंच, पुढच्या हंगामावरही मीठ बसायचं.

(दृश्य : पनवेल, खारजमीन संशोधन केंद्रातले भाताचे वाफे.)

या शहराच्या दक्षिण टोकाला, पनवेलला, अशाच जमिनींचा अभ्यास करणारं खारजमीन संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. आपल्या गोष्टीचा गाभा मला इथे सापडतो, म्हणून इथे जरा थांबू या.

भात पाण्यात उभं राहतं, पण मीठ त्याला सोसत नाही. मातीचा खारटपणा डेसिसायमन प्रति मीटर या मापात मोजतात. तो ४ च्या वर गेला की जमीन क्षारयुक्त धरतात, आणि साध्या भाताचा उतारा, म्हणजे एकरी पीक, त्याच्या आधीपासूनच घसरायला लागतो. सगळ्यात नाजूक वेळा दोन : रोप कोवळं असताना आणि फुलोरा येताना. निसर्गाची अडचण अशी की पावसाळ्यात मीठ धुऊन निघतं, पण पाऊस ओसरला, ऊन तापलं की जमिनीतला ओलावा वर चढताना तेच मीठ पुन्हा वर आणतो. म्हणजे पीक निसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या सुमारालाच मीठ परत.

शेतकऱ्यांनी यावर प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी उत्तर काढलं होतं. त्यांच्याकडे राता नावाचं भात होतं. लालसर दाण्याचा, उंच वाढणारा, खाऱ्या मातीत तग धरणारा. संशोधकांनी त्यातूनच निवड करून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे वाण पुढे आणले. पण राता उंच, त्यामुळे वाऱ्यापावसात लोळायचा, आणि उतारा बेताचा.

१९६६ मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ नावाचं बुटकं भात जगापुढे ठेवलं. खत घातलं तरी न लोळणारं, भरभरून दाणा देणारं. आशियाभर त्याने भाताची शेती पालटली. पण खाऱ्या जमिनीत त्या एकट्याचं भागणार नव्हतं. म्हणून पनवेलला त्याचा भुऱ्या रात्याशी संकर केला. त्यातून ‘पनवेल-१’ निघालं. बुटकेपणा आणि उतारा फिलिपाइन्सचा, मीठ पचवण्याची ताकद आपल्या खाडीकाठची.

ही ताकद म्हणजे नेमकं काय? क्षार सोसणारं भात सोडिअमला वाटेतच अडवतं. मुळाशी, खोडाशी, जुन्या पानांत त्याला रोखून धरतं आणि कोवळ्या पानांकडे जाऊ देत नाही. पोटॅशिअम मात्र धरून ठेवतं. हे रसायनशास्त्र आज आपल्याला कळलं. ज्या बायांनी कणसं पारखून दर वर्षी पुढचं बियाणं बाजूला काढलं, त्यांना ते शेतात दिसत होतं.

रात्याचं बी त्या घरांनी राखलं नसतं, तर पनवेलच्या शास्त्रज्ञांनी संकर कशाशी केला असता?

१९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभं राहायला लागलं. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जो लढा झाला, त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. बांध गेले, उघाड्या गेल्या. बी टिकलं, तेही वाफ्यांमध्ये आणि अजून शेती धरून असलेल्या पेण-अलिबागच्या खारांत, म्हणजे खाडीकाठच्या शेतांत. समुद्राची पातळी वाढते आहे, खारं पाणी जिथे कधी नव्हतं तिथे शिरतं आहे. हे बी येत्या काळात किती मोलाचं ठरणार आहे, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही असं मला कळकळीने वाटतं.

(दृश्य : मुरबाड तालुका. डोंगरउतारावरची भातखाचरं. मे महिना, राब भाजल्याचा धूर.)

खाडी सोडून आपण वर येतो. मुरबाड, शहापूर. इथे मीठ नाही, पाऊस मात्र उदंड आहे. मे महिन्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजायचा आणि पाऊस पडला की त्यावर भात पेरायचं ही इथली जुनी रीत. तण मरतं, राखेतलं पोषण रोपाला मिळतं. पण त्यासाठी झाडं खुडावी लागतात आणि खताचं शेण जळून जातं.

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती याच रीतीचा धागा पकडून पुढे गेली. राख हवी ना? मग भाताच्या तुसाची घ्या. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. ती रोपात गेली की खोड कणखर होतं आणि खोडकिड्याला सहज पोखरता येत नाही. दुसरं सूत्र, गिरिपुष्प या झाडाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. तिसरं, दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर धरून लावणी. चौथं मला सगळ्यात सुंदर वाटतं. युरिया आणि डीएपी या खतांची २.७ ग्रॅमची गोळी, चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. युरिया वरून फेकला तर बराचसा वायू होऊन उडतो नाहीतर पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. कोकणातला पाऊस तर खाचरातून खत धुऊनच नेतो. खोल खोचलेली गोळी चिखलात हळूहळू विरघळते आणि मुळांना पुरते.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागते ती मजुरी, आणि तीच आज मिळत नाही. गावातली तरुण मुलं सकाळच्या लोकलने कल्याण-ठाण्याला जातात. एक एक गोळी वाकून खोचायला हात कुठून आणायचे? संशोधनाने हा प्रश्नही हाती घ्यायला हवा.

(दृश्य : तबेला. पहाटेची धार.)

आता गोठ्यात येऊ.

ठाणे, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातल्या तबेल्यांनी मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या दूध पुरवलं. तबेल्याचा हिशोब कठोर असतो. हरियाणातून मुऱ्हा, गुजरातेतून जाफराबादी, मेहसाणी म्हैस आणायची, दूध आटलं की भाकड म्हणून बाहेर काढायची. अशाने चांगल्या दुधाची वंशावळच तुटते. त्याला उत्तर होतं वेळेवर पुन्हा गाभण राहणं, आणि तिथे म्हशीचा मुका माज, म्हणजे गाभण राहण्याच्या वेळेची खूण न दाखवणं, आडवा येतो. गाय माजावर आली की हंबरते, अस्वस्थ होते. म्हैस, विशेषतः उन्हाळ्यात, काही दाखवतच नाही. तबेल्यातल्या जाणत्या माणसाला तो सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) आणि बारीकसारीक हालचालींवरून ओळखावा लागतो. माज चुकला की तीन आठवडे वाया.

कृत्रिम रेतन इथे कामाला येतं. १९४९ मध्ये इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती चुकीचं लेबल लागलेली एक बाटली आली. साखरेच्या जागी तीत ग्लिसरॉल होतं, आणि त्यात गोठवलेले शुक्राणू वितळल्यावर जिवंत राहिले. आज उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात ठेवलेली रेतमात्रा कंटेनरमधून मोटरसायकलवर शहापूरच्या पाड्यापर्यंत पोचते, ती त्या शोधाच्या जोरावर. महाराष्ट्रात हे काम दारोदार नेलं ते मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला उभ्या केलेल्या बाएफ या संस्थेने.

दूध वाढवण्याआधी जनावर जगवणं आलं. जुन्या लोकांना बुळकांडी हे गुरांच्या जीवघेण्या रोगाचं नाव ऐकलं तरी धसका बसायचा. गावंच्या गावं जनावरांविना होत. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला गेलेली सरकारी जीवाणू प्रयोगशाळा जनावरांच्या साथींवर काम करण्यासाठीच होती. तिथल्या संशोधनातून शेळीच्या शरीरात सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली. भारतातली शेवटची लागण १९९५ मधली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. वाड्यावस्त्यांवर सुया टोचत फिरलेल्या पशुधन पर्यवेक्षकांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

२०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा बकऱ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ आवरली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिसरातल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. रोग आवरला. आपली कोंबडी निरोगी असूनही ती डोळ्यांदेखत जाताना पाहणाऱ्या बाईचं दुःख कुठल्या अहवालात मावत नाही.

(दृश्य : वाशी, आंब्याच्या पेट्या. विकिरण केंद्राचं दार.)

वाशीच्या बाजारात मार्चपासून हापूस उतरतो. अमेरिकेला जाणारा आंबा पणन मंडळाच्या विकिरण केंद्रातून जातो. तिथे त्याला किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढी किरणांची मात्रा देतात. कोयीत दडलेला भुंगा, सालीखालची फळमाशीची अळी यांची पुढची पिढी त्याने थांबते. फळ किरणोत्सारी होत नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशाच किरणांनी बियाण्यात बदल घडवून ‘टीएजी-२४’ सारखा भुईमूग तयार झाला.

(दृश्य : शहापूर तालुका. पाऊस. उतारावर चरणारी लहानखुरी तांबडी गाय.)

ही गाय बघा. ठेंगणी, चपळ. मुसळधार पावसात डोंगर चढते, करडावर, म्हणजे वाळल्या गवतावर भागवते. वर्षानुवर्षं सरकारी कागदात ती ‘गावठी’ होती, म्हणजे जातच नसलेली. मोठ्या दुधाच्या आशेने आणलेल्या संकरित गाई इथल्या ओलीत आणि गोचिडांत आजारी पडत राहिल्या, ही मात्र उभी राहिली. मग संशोधक ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव फिरले. शिंगं मोजली, उंची मोजली, रंग लिहिले, धारेला मापं लावली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. नाव ‘कोकण कपिला’.

आता पुढचं काम गोठ्यांतलं आहे. कुठल्या गाईने किती वेत दिले, कितव्या वेताला दूध किती, कुठल्या वळूची वासरं पावसाळा सोसतात, हे घराघरांतून लिहिलं गेलं पाहिजे. त्याशिवाय कुठला वळू राखायचा हे ठरणार नाही. आणि ते ठरेपर्यंत गावात कपिलेचे वळू शिल्लक राहायला हवेत.